जुनी विळी पुन्हा वापरात आणताना

गावचं घर आवरताना किंवा माळा रिकामा करताना जुनी विळी हाती लागते. भंगारात टाकवत नाही, आणि ते गंजलेलं पातं स्वयंपाकघरात आणायला मन धजत नाही. ज्यांनी आजवर एकही हत्यार दुरुस्त केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हात बसवायला विळीइतकं चांगलं हत्यार नाही. तिच्यात मुळात दोनच गोष्टी, लोखंडी पातं आणि लाकडी पाट. फार तर टोकाला नारळ खवायचं दातेरी चक्र. बहुतेक सगळं काम घरी, थोडक्या सामानात होतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. विळी दुरुस्त करणं म्हणजे ती चकाकवणं नव्हे. सुरीनं चिरताना सुरी हलते आणि भाजी जागेवर राहते. विळीवर पातं जागेवर राहतं आणि भाजी हलते. दोन्ही हात भाजीवर असतात, आणि पाट आपल्या दुमडलेल्या पायाच्या भारानं जमिनीला धरलेला असतो. म्हणून पातं आरशासारखं नसलं तरी चालेल, पण ते पाटात केसभरही डुगडुगता कामा नये. लोक आठ दिवस पातं घासतात आणि सांध्याकडे बघतही नाहीत. तिथेच बोट कापतं.

आधी नुसतं बघा

घासायला बसण्याआधी विळी उन्हात आणा. त्याआधी धारेवर जाड कापड गुंडाळा, किंवा बागेतल्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा. बोथट दिसणारी विळीही कापते. हातात चामडी मोजे घाला. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत, ते मातीत आणि धुळीत असतात. पण माळ्यावरच्या जुन्या लोखंडावर धूळमाती असतेच. लस घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर काम सुरू करण्याआधी ती घेऊन टाका.

आता पातं बघा. तांबूस, बोटाला लागणारा गंज वरवरचा असतो, तो निघतो. काळपट, घट्ट थर असेल तर तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या वापरानं आलेला असतो. तो पात्याचं रक्षणच करतो, त्याला मुद्दाम काढू नका. चिंता करायची ती खड्ड्यांची. गंजानं लोखंड खाऊन पडलेले बारीक खड्डे पात्याच्या मधोमध असले तर फक्त रूप बिघडतं. ते धारेपर्यंत पोचले असतील तर धार कधीच सलग येणार नाही.

मग पातं जिथे पाटात शिरतं ती मान बघा. तिथे पाणी साठतं, म्हणून सगळ्यात खोल गंज तिथेच असतो. मानेला आडवी बारीक चीर दिसली तर काम थांबवा. अशी विळी जोर लावताना तुटते. पातं वाकलं असेल किंवा मान तडकली असेल तर ते घरचं काम नव्हे. गावातल्या लोहाराकडे किंवा रस्त्याकडेला भाता लावून काम करणाऱ्या घिसाड्याकडे जा. पातं तापवून, ठोकून, त्याला पुन्हा पाणी देण्याचं, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्याचं त्यांचं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

पातं साध्या लोखंडाचं की स्टेनलेसचं, हे लोहचुंबकानं ठरवू नका. धारेच्या हत्यारांना वापरलं जाणारं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. पात्यावर लिंबाचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. करडा किंवा काळा डाग पडला तर साधं पोलाद. त्याला गंज चढतो, पण धार सोपी आणि छान लागते.

शेवटी पाट उलटा करा. काही विळ्यांचं पातं पाटातून आरपार जाऊन खाली वाकवलेलं असतं, काहींना नट-बोल्ट असतो, आणि काहींची निमुळती शेपटी नुसतीच भोकात ठोकून बसवलेली असते. कोणता प्रकार आहे ते लिहून ठेवा, फोटो काढा. पातं घट्ट असेल तर ते बाहेर काढायचा मोह टाळा. पक्का बसलेला सांधा सोडवण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

गंज काढणं

आधी नुसतं घासणं. कांदा अर्धा कापून, मिठात बुडवून पात्यावर घासला की वरवरचा गंज सुटतो. आपल्याकडे चिंच वापरतात, तीही चालते. या सगळ्यांत काम करतं ते आम्ल. उरलेल्या गंजासाठी बारीक तारेची घासणी किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. घासायचं ते पात्याच्या लांबीच्या दिशेनं, गोल गोल नाही. आडवेतिडवे ओरखडे राहिले की पाणी त्यांत अडकतं.

एवढ्यानं भागलं नाही तर व्हिनेगर. पातं पाटापासून सुटत नसल्यानं विळी बुडवून ठेवता येत नाही, पाट भिजला तर तो फुगून तडकेल. म्हणून पात्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, ती व्हिनेगरनं चिंब करा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. दर तासाला उघडून बघा. तीन-चार तासांत गंज काळसर चिखलासारखा होऊन पुसला जातो. जास्तच खोल असेल तर रात्रभर ठेवा, त्याहून जास्त नको, कारण गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. व्हिनेगरऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून वापरता येतं. ते स्वस्त पडतं आणि घरभर वास येत नाही.

संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. ते पात्याला नवे खड्डे पाडतं आणि त्याच्या वाफेनं आजूबाजूची इतर हत्यारंही गंजतात. आणि व्हिनेगर जवळ असताना ब्लीच उघडू नका, दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो.

आता जो टप्पा नवशिके हमखास चुकवतात तो. आम्ल धुतल्यावर ओलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा नारिंगी व्हायला लागतं. म्हणून आधीच तयारी ठेवा: खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, कोरडं फडकं, तेल. कापडाची पट्टी काढली की पातं सोड्याच्या पाण्यानं पुसा, साध्या पाण्यानं पुसा, लगेच कोरडं करा, उन्हात पाच मिनिटं ठेवा आणि कोमट असतानाच खोबरेल तेलाचा हात फिरवा. सुकवायला गॅसच्या ज्योतीवर धरू नका. साधारण ३०० अंश सेल्सियसला पोलाद निळं पडतं, आणि निळं पडलेल्या धारेचा कडकपणा गेलेला असतो.

पाटावर पितळी फुलं किंवा पट्ट्या असतील तर त्या चिंचेनं वेगळ्या घासा आणि लगेच पुसा. जुन्या विळ्यांवर अशी कारागिरी खूप असायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर स्वयंपाकघरातल्या वस्तूंसमोर थोडं थांबा. रोजच्या वापरातल्या वस्तूवर लोकांनी किती जीव लावला होता ते दिसतं. पाटावर जुना रंग चढवलेला असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून, ओला ठेवूनच खरवडा, आणि निघालेला रंग कागदात गुंडाळून टाकून द्या.

धार

सायकलवर चाक लावून येणारा धारवाला भेटला तर उत्तम, पण पहिल्यांदा विळी देताना जवळ उभे राहा. पातं चाकावर फार दाबलं की ठिणग्यांबरोबर धार तापते, आणि वर सांगितलेलं निळेपण तिथेही येतं. थोडं थोडं लावून मधे पाण्यात बुडवायला सांगा. जाणता धारवाला ते स्वतःहूनच करतो.

घरी करायचं तर हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. अडचण एवढीच की विळीच्या पात्याला आत वळण असतं आणि सपाट दगड त्यात नीट बसत नाही. त्यासाठी एक जुनं बारीक लाटणं घ्या आणि त्यावर वॉटर पेपर घट्ट गुंडाळून चिकटपट्टीनं बांधा. दात्रे पडले असतील तर २२० नंबरपासून सुरुवात करा, नाहीतर ४०० पासून. मग ८००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. आतल्या वळणाला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

पाट शिकंज्यानं (क्लँपनं) टेबलाला आवळा. तुम्ही पात्याच्या पाठीमागे, म्हणजे बोथट बाजूला बसा, धारेसमोर नव्हे. जुनी धार ज्या उतारावर होती तोच उतार ठेवायचा असतो, साधारण १५ ते २० अंश. तो ओळखायची सोपी युक्ती: धारेलगतच्या पट्टीवर मार्करनं काळी रेघ मारा आणि लाटणं एकदा हलकेच फिरवा. शाई धारेच्या अगदी टोकावरून निघाली तर तुम्ही जास्त उभं धरलंय, फक्त धारेपासून लांबच्या बाजूनं निघाली तर जास्त आडवं. सगळी पट्टी एकसारखी निघेपर्यंत कोन जुळवा. मग खालून वर, पात्याच्या लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. हात धारेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. काही वेळानं दुसऱ्या बाजूला बोट अलगद आडवं नेलं की बारीक खरखर लागते. ती खालपासून वरपर्यंत लागली की त्या बाजूचं काम झालं. दोन्ही बाजूंना उतार असेल तर दुसऱ्या बाजूनं तेच करा. एकाच बाजूला उतार असेल तर सपाट बाजू फक्त बारीक कागदानं एकदोनदा पुसून ती खरखर काढा, तिथे नवा उतार पाडू नका.

पारखायला पिकलेला टोमॅटो घ्या. साल दबल्याशिवाय कापली गेली पाहिजे. दुसरी परीक्षा कोथिंबिरीची. देठ चिरडून हिरवं पाणी सुटलं तर धार अजून बोथट आहे.

खवणीचे दाते आधी जुन्या टूथब्रशनं साफ करा, त्यांच्या मुळाशी सुकलेलं खोबरं अडकलेलं असतं. प्रत्येक खाचेत तिकोनी कानस एकाच बाजूनं दोन-तीनदा फिरवली की पुरे. दाते टोकदार झाले की खोबऱ्याबरोबर करवंटीही खरवडली जाते आणि कीस तपकिरी होतो. तेव्हा इथे हात आखडता ठेवा.

बैठक

पातं चिमट्यात धरून हलवा. किंचित जरी हललं तरी तो दोष दुरुस्त केल्याशिवाय विळी वापरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. जुलैत घट्ट वाटणारी विळी मे महिन्यात सैल असू शकते. म्हणून सांध्याचं काम कोरड्या दिवसांत करा, खरी स्थिती तेव्हाच कळते.

नट-बोल्ट असेल तर सोपं आहे. जुना नट बदला, खाली स्प्रिंग वॉशर घाला, आवळा. शेपटी भोकात ठोकलेली असेल आणि भोक थोडंच सैल झालं असेल तर बांबूच्या कडक, वाळलेल्या कामटीची निमुळती पाचर करून ती शेपटीच्या बाजूनं ठोका. दोन पाचरी समोरासमोर ठोकल्या तर पातं मधोमध राहतं. भोक मोठं झालं असेल तर पातं काढून भोक आणि शेपटी कोरडी, स्वच्छ करा, शेपटीचा गंज काढा आणि दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीनं बसवा. पातं काटकोनात उभं आहे ना ते गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून बघा, आणि चोवीस तास हात लावू नका. पूर्वी हे काम लाखेनं व्हायचं. तुमच्या विळीत लाख असेल तर पातं काढण्यासाठी सांधा गरम फडक्यानं शेकला की ती मऊ होते.

पाटाला वाळवी किंवा भुंग्यानं पोखरलं असेल तर जीव लावू नका, नवा पाट करा. साग, शिसव, बाभूळ किंवा फणसाचं चार-पाच सेंटीमीटर जाडीचं, पूर्ण वाळलेलं लाकूड घ्या. रेषा पाटाच्या लांबीच्या दिशेनं जायला हव्यात. सुताराला भोक शेपटीपेक्षा थोडं लहान पाडायला सांगा.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल द्या. ते हवेतल्या प्राणवायूनं हळूहळू घट्ट होतं, सुकायला आठवडा लागतो, दमट हवेत जास्तच. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल मात्र घेऊ नका, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूची संयुगं घातलेली असतात. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

जमिनीवर बसता येत नसेल तर

गुडघ्यांमुळे विळी सुटलेली असंख्य घरं आहेत. तिला उंचावर आणता येतं. फक्त पायाचा भार जे काम करत होता ते दुसऱ्या कशानं तरी व्हायला हवं, एवढं भान ठेवा. आपण भाजी पुढे ढकलतो तेव्हा पाट पुढे सरकू बघतो, आणि पातं उंच असल्यामुळे पाटाची आपल्याकडची बाजू उचलली जाऊ बघते. ओट्यावर नुसती ठेवलेली विळी म्हणूनच धोक्याची असते.

ओट्यासाठी पाटाच्या आपल्याकडच्या टोकाला, खालच्या बाजूनं एक आडवी लाकडी पट्टी स्क्रूनं बसवा. ती ओट्याच्या कडेला बाहेरून अडकते आणि पाट पुढे सरकू देत नाही. मग दोन्ही कोपऱ्यांना सी-क्लँप लावून पाट ओट्याला आवळा, म्हणजे तो उचललाही जाणार नाही. क्लँप आणि ग्रॅनाइट यांच्यात रबराचा तुकडा घाला. पट्टी गोंदानं चिकटवू नका. लाकूड आडवं फुगतं, गोंद त्याला अडवतो आणि पाट तडकतो. एक अडचण आहे: ओटा साधारण ८५ सेंटीमीटर उंच, वर पातं पंधरा-वीस सेंटीमीटर. उंची कमी असलेल्या बाईचे हात कोपरांच्या वर जातात आणि खांदे भरून येतात. आधी क्लँप लावून आठवडाभर वापरून बघा, पाटाला भोकं मग पाडा.

माझी पसंती बाकड्याला आहे. ४५ सेंटीमीटर उंच, ३० रुंद आणि मीटरभर लांब असं भक्कम बाकडं घ्या. एका टोकाला विळीचा पाट बोल्टनं पक्का करा, पाय दोन्हीकडे सोडून दुसऱ्या टोकावर बसा. बाकड्याचे पाय अगदी टोकांना असू द्या, नाहीतर जोर लावताना ते कलेल. इथे तुमचाच भार पुन्हा विळीला धरून ठेवतो आणि हातांची जागा जमिनीवर बसल्यासारखीच राहते, फक्त गुडघे मोकळे. नारळ खवायला याच्या तोडीची दुसरी सोय नाही. साडीत असं बसणं अवघड जातं, तिथे ओटाच बरा.

स्वयंपाकघरात जाऊ नये अशी विळी

धारेपर्यंत खड्डे पडलेलं, पण मान शाबूत असलेलं पातं बागेत न्या. कंपोस्टसाठी फांद्या, केळीचे सोप आणि नारळाच्या ओल्या झावळ्या बारीक करायला ते वर्षानुवर्षं पुरेल. तिथे कोथिंबिरीची परीक्षा लागत नाही. पातं झिजून पट्टीसारखं झालं आणि खवणी चांगली असेल तर लोहाराकडून वरचा भाग कापून घ्या. आखूड दांडीवर बसवलेली खवणी ओट्यावर जास्त स्थिर राहते. मासळीसाठी दुसरी विळी ठेवणाऱ्या घरांत अशा दुय्यम विळीला लगेच काम मिळतं.

वापर आणि निगा

पहिल्या दिवशी दोन-तीन बटाटे आणि एखादा कांदा चिरून टाकून द्या, लोखंडाचा वास आणि चव त्यात उतरते. केळफूल, वांगं, कच्चं केळं साध्या पोलादावर काळं पडतं, ते पाण्यात चिरावं. फणसाला आणि केळफुलाला हातासोबत पात्यालाही तेल लावा, चीक चिकटत नाही. काम झालं की पातं पुसून कोरडं करा, बेसिनमध्ये भिजत ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मिटणारी विळी मिटून, न मिटणारी धारेवर पाइपचा तुकडा चढवून, भिंतीकडे तोंड करून ठेवा.

परदेशातल्या मुलांकडे विळी पाठवणारी घरं पुष्कळ आहेत. ती केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्याच सामानात घाला, धार जाड पुठ्ठ्यात बांधून, बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही अशी. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला नेत असाल तर लाकडी वस्तू आहे हे तिथल्या प्रवेशाच्या फॉर्मवर लिहावं लागतं. पाटाला भुंग्याची भोकं असतील तर तो तिथे अडवला जाऊ शकतो, म्हणून अशा वेळी पातं तेवढं पाठवा आणि पाट तिकडेच करून घ्यायला सांगा.